दुइसबुर्गचे नदीबंदर: माल पाठवणाऱ्याच्या नजरेतून

जर्मनीत ऱ्हाइन आणि रूर या नद्यांच्या संगमावर वसलेले दुइसबुर्ग हे जगातील सर्वांत मोठे अंतर्गत बंदर मानले जाते. तरीही माल पाठवणाऱ्याने त्याची पारख करताना एवढेच पाहावे, की बार्जमधून (नदीतून माल वाहणाऱ्या सपाट तळाच्या नौकेतून) उतरलेला कंटेनर रेल्वेच्या डब्यावर किंवा ट्रकवर किती विनासायास चढतो. या कसोटीवर दुइसबुर्ग निःसंशय उतरते. येथील कंटेनर धक्क्यांवर एकाच गॅन्ट्री क्रेनच्या (कमानीसारख्या उंच, सरकत्या यारीच्या) पल्ल्यात नदी, रुळ आणि रस्ता असे तिन्ही येतात, त्यामुळे पेटी मध्येच कुठे हलवून ठेवण्याचा खर्च बराच टळतो. दुइसबुर्गच्याच राइनहाउझेन भागातला पोलाद कारखाना १९९३ मध्ये बंद पडल्यावर त्याच्या जागेवर गोदामे आणि धक्के उभे राहिले. आसपासच्या उद्योगांना कच्चा माल व तयार माल ठेवायला ऱ्हाइनच्या मुखाजवळच्या रॉटरडॅम या समुद्री बंदरातली महागडी जागा अडवावी लागत नाही, ती यामुळेच. २०११ पासून चीनमधील चोंगछिंगहून थेट मालगाड्याही येथे येऊ लागल्या.

उणीव आहे ती बहुतांशी बंदराच्या हाताबाहेरची. रॉटरडॅममध्ये समुद्री जहाजांना अग्रक्रम मिळतो, त्यामुळे बार्जला तेथे धक्क्याधक्क्यावर ताटकळावे लागते आणि दुइसबुर्गचे वेळापत्रक कोलमडते. दुसरी अडचण पाण्याची. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऱ्हाइनवरील काउब येथील पाणीमापकाने २५ सेंटिमीटर दाखवले (हा मापकावरील आकडा आहे, प्रवाहाची खोली त्याहून अधिक असते) आणि काउबच्या वर, म्हणजे उगमाच्या दिशेने, जाणाऱ्या बार्जना क्षमतेच्या काही अंशच माल भरता आला. तेवढाच माल न्यायला जास्त बार्ज लागतात, भाडे चढते, शिवाय कमी पाण्याचा अधिभार (पाणी ठरावीक पातळीखाली गेल्यावरची जादा आकारणी) बसतो तो वेगळाच.

कोळसा, लोहखनिज, रसायने किंवा घाई नसलेले जड कंटेनर यांसाठी दुइसबुर्गमार्गे बार्जची ही सेवा मी निःसंकोच सुचवेन. ठरलेल्या तासाला कारखान्यात पोहोचलेच पाहिजेत अशा सुट्या भागांसाठी मात्र नाही. करारावर सही करण्यापूर्वी अधिभाराचा तक्ता कोणत्या मापकाशी जोडला आहे, हे नीट वाचून घ्यावे. काउब दुइसबुर्गच्या बरेच वर, प्रवाहाच्या उगमाकडे आहे. माल रॉटरडॅमहून दुइसबुर्गपर्यंतच यायचा असेल, तर दुइसबुर्गमधील रूरओर्टचा मापक लावून घ्यावा आणि काउबच्या आकड्यावर पैसे मोजू नयेत.