एका हाताने उचललेली विंच

आमच्या आंब्याच्या बागेकडे जाणारी घाटी पावसाळ्यात लाल चिखलाने भरते आणि जुनी थार तिथे दर वर्षी रुतते, म्हणून घरच्या घरी विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे विजेवरचे यंत्र) बसवून घ्यायचे ठरवले आणि ऑनलाइन जाहिरातीच्या नादाने ३७,७०० रुपये घालवून बसलो. ९,५०० पौंड वजन ओढणाऱ्या विंचचे ३४,५०० आणि 'फिटिंगला माणूस घरी येईल' म्हणून ३,२००, दोन्ही रकमा आगाऊ, यूपीआयने. माणूस अर्थातच आला नाही. खात्यावरचे नाव जाहिरातीतल्या नावाशी जुळत नसेल, तर तिथेच थांबा.

खोका मात्र आला, आणि गुहागरच्या कुरिअरवाल्याकडून तो मी एका हाताने उचलून गाडीत टाकला. पोलादी दोराची या ताकदीची विंच पस्तीस-चाळीस किलोंची असते हे मला पक्के ठाऊक होते, कारण महिनाभर वाचून, विचारूनच मी यात पडलो होतो. विक्रेता फोनवर म्हणाला, "साहेब, सिंथेटिक दोर आहे, म्हणून हलकी." सिंथेटिक दोराने वजन घटते हे खरेच आहे, म्हणून थाप पचली, पण घटते ते काही किलोंनी, पंचवीस किलोंनी नव्हे, एवढा हिशेब त्या क्षणी मला सुचू नये!

विंच बसवण्यासाठी चिपळूणला ५,८०० रुपये देऊन १० बाय साडेचार इंचांवर भोके पाडलेली प्लेट करून घेतली होती. तिच्यावर एकही बोल्ट जुळेना. सोबतच्या वायरी करंगळीएवढ्याही जाड नव्हत्या, आणि खरी विंच पूर्ण ताणाला साडेतीनशे-चारशे अँपिअर खेचते. स्टिकर नखाने खरवडला, तर खाली ३,५०० चा आकडा निघाला : किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या एटीव्हीला, म्हणजे चार चाकांच्या छोट्या उघड्या गाडीला, लावतात तसली. वजन, भोकांचे माप आणि जीएसटी बिल आधी लेखी मागा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. पोलीस ठाण्यात "माल मिळाला ना, मग हा ग्राहक आयोगाचा विषय" म्हणून वाटेला लावले, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बिल मागितले, बँकेने "पिन तुम्हीच टाकला" असे ऐकवले. खोटा आकडा चिकटवून माल विकणे ही फसवणूक नसेल, तर न्याय संहितेतले कलम ३१८ कशासाठी ठेवले आहे? २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते हेही मीच शोधून काढले. पण विक्रेत्याचा पत्ताच खोटा, नोटीस पाठवायची कुठे? आणि १९३० ला त्याच दिवशी फोन करा. मी आठ दिवस "उद्या बदलून देतो" ऐकत राहिलो.

परवा घाटीत पुन्हा गाडी रुतली. ट्रॅक्टरवाल्याने १,२०० घेतले.