सात नारळ, मग हमीर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या चौकापासून पायी दहा मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या माडीवर महिन्यातून एकदा गाण्याची बैठक होते. संस्था नोंदणीकृत आहे, तिकीट नाही, वर्षाची वर्गणी ६०० रुपये. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करायची आहे आणि कार्यकर्ते रोज भाजी घेताना भेटतात. जिना अरुंद आहे, गुडघेवाल्यांनी आधीच विचार करावा. चहा बरा, चिवडा उत्तम.

आता तक्रार. गेल्या महिन्यात पत्रिकेवर सहाची वेळ होती. मी पावणेसहालाच खांबाला टेकून जागा धरली. सहाला दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग सत्कार. सतरंज्या आणि माइकचं भाडं देणारे एक व्यापारी, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे भागीदार… सात शाली, सात नारळ. एक सत्कारमूर्ती ‘मला गाण्यातलं काही कळत नाही’ म्हणाले आणि पुढची वीस मिनिटं बोलून ते सिद्धही केलं. तोवर उकाड्यानं तानपुरे उतरले. गाणारी मुलगी कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसलेली. सातवीसला एकदाचा सा लागला.

चहाच्या वेळी मी सचिवताईंना गाठलं. “ताई, बैठक होती की वरात?”

किटलीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या सहाशेत तबलजीचं रेल्वेभाडंही निघत नाही. त्यांना नारळ नाही दिला, तर संस्थेलाच नारळ मिळेल.”

एकतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. वही दाखवा म्हटलं. दाखवली, लपवाछपवी काही नाही. वीज, हार्मोनियमची दुरुस्ती, ऑडिटची फी, कलाकारांचं मानधन. वर्गणीच्या रकान्यात निम्म्या नावांपुढे ‘देतो म्हणाले’. देणगीवर करसवलतीची पावती मिळते, पण २,००० च्या वर रोख दिली तर तिचा उपयोग नाही, आणि नव्या कर-पद्धतीत ही वजावटच नाही. शेजारच्या गृहस्थांनी हे ऐकलं आणि पाकीट परत खिशात घातलं. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, त्या यादीत कला आणि संस्कृतीही बसते. म्हणून ताईंनी एका कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: लाभार्थी किती? “गाणारी एक, ऐकणारे साठ. काय लिहू?” त्यांनी मलाच विचारलं. मी चिवडा खाल्ला.

हे शहर गाण्याचं म्हणून आपण छाती फुगवतो. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ साली इथं संगीत विद्यालय काढलं, १९१८ साली संगीतशास्त्रकार भातखंडे आणि इथले महाराज माधवराव शिंदे यांचं माधव संगीत महाविद्यालय झालं. डिसेंबरात तानसेनाच्या समाधीपाशी सरकारी समारोह होतो, तिथं नामवंत येतात. पण नामवंत होण्याआधी माणूस गातो कुठं? आमच्या माडीवर, ६०० रुपयांत.

त्या मुलीनं हमीर राग घेतला, तिलवाडा तालात. सुरुवातीला आवाज बिचकत होता. अंतऱ्याला पोचेपर्यंत मोकळा झाला. मग टप्पा. टप्पा म्हणजे झरझर तानांचा गानप्रकार, ग्वाल्हेरवाल्यांचा मान, आणि भल्याभल्यांची फजिती करणारी चीज. तिसऱ्या आवर्तनात तान लांबली, सम निसटली. मुलगी थांबली, कान लाल. तबलजीनं ठेका तसाच चालू ठेवला. पुढच्या रांगेतले एक आजोबा, वर्गणीच्या वहीत ज्यांचं ‘देतो म्हणाले’ आहे तेच, हळूच म्हणाले, “पुन्हा घे बाळा, आम्ही कुठं जातोय?” तिनं पुन्हा घेतलं. या वेळी समेवर अशी उतरली की तबलजी हसला. ती हुकलेली तान धरून मला सगळं आवडलं. मोठ्या मंचावर तिला दुसऱ्यांदा कोण घेऊ देणार होतं?

तेव्हा हिशेब असा: गाण्याला पाचपैकी साडेचार, चिवड्याला पाच, वेळेला शून्य. सत्कार मध्यंतरात ठेवा, चहा पिता पिता टाळ्या वाजवू, असं मी लेखी दिलंय. सोबत आजीव वर्गणीचा चेकही दिला, शाल नको या अटीवर. ताईंनी अट वाचली आणि म्हणाल्या, “नारळ चालेल ना?”

पुढच्या वेळी सव्वासातलाच जावं म्हणतो. पण मग खांबापाशी जागा मिळायची नाही.