आत्याच्या कवितांचे तीन डबे आणि एक स्कॅनर: नऊ महिन्यांनंतर

आत्या गेली आणि तिचे तीन पत्र्याचे डबे सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरातनं माझ्याकडं आले. आत कविता. वह्यांत थोड्या, सुट्या कागदांवर जास्त. म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तरीण होती, कागद वाया घालवायचा नाही ही सवय. त्यामुळं कॅलेंडरचं पान, वाण्याची चिठ्ठी, लग्नपत्रिकेची मागची बाजू, जे हाताला लागेल त्यावर लिहिलेलं. भाऊ म्हणाला, "काय करायलीस गं त्या रद्दीचं?" मी एप्रिलमध्ये स्कॅनर घेतला. आज नऊ महिने झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या किमतीतले बहुतेक स्कॅनर असेच असतात.

आधी चांगलं. चपटा, हलका, यूएसबीच्या एकाच वायरीवर चालतो. लाईट गेली तरी लॅपटॉपच्या जोरावर काम थांबत नाही. सुट्या कागदाला याला तोड नाही. सपाट काचेवर पान ठेवलं की अक्षराची शाई, कागदाची घडी, चहाचा डाग, सगळं येतं.

शिवलेल्या वहीला मात्र हा निरुपयोगी. दुकानदार म्हणाला होता, "सगळं स्कॅन होतंय मॅडम." होतंय, पण वहीच्या मधल्या शिवणीजवळचे शब्द धूसर. नंतर कळलं, आत सीआयएस सेन्सर असतो, तो काचेला चिकटलेलंच नीट बघतो. कागद चार-पाच मिलिमीटर वर उचलला गेला की अक्षर पुसट. सीसीडीवाल्या, म्हणजे आरसा-भिंगातनं बघणाऱ्या स्कॅनरला ही अडचण कमी, पण तो जड आणि महाग. वही दाबून सपाट करायचा मोह आवरा, शिवण तुटते. वह्यांचे फोटो मी शेवटी मोबाईलनंच काढले, पहाटे उत्तरेच्या खिडकीपाशी, पंखा बंद करून. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, पण चालू ठेवला तर कविता स्वयंपाकघरात.

सेटिंगचं एक सांगते, यातच माझा पहिला महिना वाया गेला. सॉफ्टवेअरमध्ये 'ऑटो करेक्शन' आपोआप चालू असतं. ते पिवळा कागद पांढराशुभ्र करून देतं. बघायला छान. पण आत्या शाईनं लिहायची आणि दुरुस्ती फिकट पेन्सिलीनं करायची. मशीननं पिवळेपणाबरोबर पेन्सिलही धुऊन काढली! मूळ कागद हातात धरला तेव्हा दिसलं की 'भोंगा वाजला' मधल्या 'वाजला'वर बारीक रेघ आहे आणि वर 'रडला' लिहिलंय. गिरणीचा भोंगा तिनं पंचवीस-तीस वर्षं ऐकला असेल. एका शब्दात सगळी कविता फिरली आणि स्कॅनमध्ये तो शब्दच नव्हता. ऑटो करेक्शन बंद करा. रंगीत ठेवा, काळं-पांढरं नको. साध्या पानाला ३०० डीपीआय (एका इंचात तेवढे ठिपके) पुरतं, पेन्सिलीच्या पानाला ६००. टिफमध्ये, म्हणजे काही न गाळता साठवणाऱ्या फाईलमध्ये, ए-फोरचं पान ३०० ला साधारण २६ एमबी होतं आणि ६०० ला १०४, तेव्हा हार्ड डिस्कचा हिशेब आधी करा. जेपीईजी, म्हणजे आकारानं लहान फाईल, नातेवाइकांना पाठवायला.

दुसरी चूक मोठी. मी फक्त कवितेची बाजू स्कॅन करत होते. तिनं कवितेवर तारीख कधी टाकली नाही. जुलैत एक पान सहज उलटलं, तर मागं कॅलेंडरची तारीख, ठसठशीत. म्हणजे कविता त्या दिवसाच्या आधीची नाही, एवढं तरी ठरलं. दुसऱ्यामागं शेंगदाणे, गूळ, रॉकेल यांचे भाव. मग सहाशे चाळीस पानं पुन्हा, दोन्ही बाजूंनी. आता प्रत्येक कागदाला कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं क्रमांक आहे, आणि डब्यात ज्या क्रमानं सापडला तोच क्रम ठेवलाय. विषयवार लावायचा विचार होता, तो सोडला. तिनं काय कशाशेजारी ठेवलं तेही तिचंच.

अधूनमधून मला बहिणाबाई चौधरी आठवतात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावानं गाणी टिपून ठेवली म्हणून १९५१ मध्ये बाई गेल्यावरही ती राहिली, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. पण जात्यावर बसून त्यांनी एखादा शब्द बदलला असेल तर तो कागदावर कुठून दिसणार? आत्याची योग्यता तेवढी नाही, हे मी तिची भाची असूनही म्हणते. खाडाखोड मात्र माझ्याजवळ आहे.

हस्ताक्षर वाचून टाईप करून देणारी ॲपं बघितली. छापील मराठीला ठीक, आत्याच्या अक्षरापुढं हात टेकतात. एकानं 'दऱ्या'चा 'दर्या' केला. डोंगराच्या ओळीत समुद्र आला! हातानंच टाईप करते.

आम्लरहित कागदाची खोकीही मागवली. महाग वाटली, पण वर्तमानपत्राची कात्रणं ज्या पानांना चिकटून होती ती पानं कात्रणातल्या आम्लानं तपकिरी पडलेली पाहिल्यावर पैशांचं काही वाटलं नाही. गंजलेल्या टाचण्या काढल्या. सेलोटेप आणि लॅमिनेशन, दोन्ही लांब ठेवा. लॅमिनेशन एकदा केलं की मागं येता येत नाही. आणि धूळ कोरड्या ब्रशनं झाडा. मी एक पान किंचित ओल्या फडक्यानं पुसलं, करडी अक्षरं डोळ्यांदेखत जांभळी होऊन पसरली. कॉपिंग पेन्सिल होती, पाणी लागलं की तिची शाई होते. त्या चार ओळी आता मलाच पाठ आहेत म्हणून शिल्लक.

छापायचं म्हणाल तर हक्क वारसांचे असतात. मरणोत्तर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाला छापल्यापासून साठ वर्षं संरक्षण आहे, म्हणून चुलतभावंडांच्या सह्या घेतेय. दोन झाल्या. एक जण पुण्यात आहे, तो सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला येतोय. नंदीध्वज बघून झाले की जेवायला बोलवणार, शेंगाचटणी-भाकरी वाढून कागद पुढं करणार.

स्कॅनर पुन्हा घेईन का? सुट्या कागदांसाठी, हो. तिसरा डबा अजून उघडायचाय. झाकण गंजून बसलंय, खोबरेल सोडून ठेवलंय.