मेहेम्स ब्लिट्झ किट: रेडिएटर धुवायला उत्तम, पण घाई करणाऱ्यांसाठी नाही

संगणक द्रवाने थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतला (वॉटरकूलिंग) नवा रेडिएटर आतून स्वच्छ असतो, हा गैरसमज. डाख देतानाचा फ्लक्स (डाख नीट बसावा म्हणून लावलेलं रसायन) आणि धातूचा कीस आत राहतो. तोच पुढे सीपीयू ब्लॉकच्या (प्रोसेसरवर बसणारा, आतून द्रव वाहणारा ठोकळा) बारीक खाचांत अडकतो, कूलंटचा (उष्णता वाहून नेणारा द्रव) रंग बिघडवतो.

मेहेम्सचं हे सफाई किट दोन भागांचं. पहिला भाग आम्लाचा, फक्त तांब्या-पितळेच्या रेडिएटरसाठी. पंप, निकेलचा मुलामा, ॲक्रिलिक यांच्या आसपासही नेऊ नका. ॲल्युमिनियमला तर नकोच. हातमोजे, गॉगल घाला. बाटलीवरच्या प्रमाणात पातळ करून भरा, पोर्ट (नळ्या जोडायची तोंडं) बंद करून हलवा. जास्त वेळ ठेवलं तर आम्ल धातूच खायला लागतं.

खरी मेहनत धुण्यात. आधी नळाचं भरपूर पाणी, मग डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा. शेवटचं पाणी पांढऱ्या कॉफी फिल्टरमधून गाळा. कण दिसले तर पुन्हा धुवा. या पाण्याला पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणारी कागदी पट्टी) ताज्या डिस्टिल्ड पाण्याइतकाच रंग यायला हवा (नेमका 7 शोधत बसू नका, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो थोडा खालीच असतो).

दुसरा भाग जोडलेल्या लूपमध्ये (पंप, ब्लॉक, रेडिएटर आणि नळ्यांचं पूर्ण वर्तुळ) फिरवायचा. नंतर तोही पूर्ण काढा, नाहीतर नवं कूलंट फेसाळतं. आधीपासून स्वच्छ चाललेल्या रेडिएटरला मात्र पहिला भाग उगाचच. गरम डिस्टिल्ड पाणी पुरतं.