शालिआखच्या हातून गेट: सेवा उत्तम, पण ती कशासाठी आहे ते ओळखून घ्या

नवरा लंडनला, बायको इस्रायलमधल्या अश्दोदला आणि लग्न लागलेलं ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये. घटस्फोट दोघांनाही हवा आहे, पण समोरासमोर उभं राहायची तयारी एकाचीही नाही. अशा बेने इस्रायल (मराठी ज्यू) कुटुंबांना आम्ही एकच सेवा सुचवतो: बेथ दिनमध्ये, म्हणजे रब्बींच्या न्यायालयात, शालिआख (प्रतिनिधी) नेमून गेट (घटस्फोटपत्र) पाठवणं.

दिवाणी कोर्टाचा हुकूम हातात आला तरी ज्यू धर्मशास्त्राच्या लेखी लग्न कायमच असतं. नवऱ्याने लिहवून घेतलेलं १२ ओळींचं अरमाईक पत्र, म्हणजे गेट, बायकोच्या हातात पडलं की मगच ते सुटतं. मिश्ना या प्राचीन ज्यू धर्मनियमांच्या संग्रहातल्या ‘गिट्टिन’ भागाची सुरुवातच परदेशातून गेट घेऊन येणाऱ्या माणसापासून होते. म्हणजे ही सोय काही विमानं आल्यावर निघालेली नाही.

शालिआख तीन प्रकारचे, आणि गोंधळ इथेच होतो. पहिला ‘पोचवणारा’ शालिआख; त्याला नवरा नेमतो. त्याच्याकडून गेट बायकोच्या हातात पडलं की घटस्फोट. दुसऱ्या ‘आणणाऱ्या’ शालिआखला बायको नेमते, पण नियम तोच: तिच्या हातात येईपर्यंत काही घडत नाही. तिसरा स्वीकारणारा, तोही बायकोचाच. त्याच्या हातात गेट पडताक्षणी घटस्फोट पक्का, मग ती हजार मैलांवर झोपलेली का असेना. हा तिसरा ऐकायला सोयीचा वाटतो. तरी मागू नका. त्याच्या नेमणुकीचे साक्षीदार, शब्द, वेळ यांतलं काही डळमळलं तर घटस्फोट झाला की नाही हाच वाद उरतो. म्हणून अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) प्रथेत तो टाळतात. सोळाव्या शतकात क्राकूवच्या रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी तसं नोंदवूनही ठेवलं आहे.

व्यवहारात मिळतो तो पहिला प्रकार. नवरा तीन दयानांसमोर (रब्बी न्यायाधीशांसमोर) हजर होतो. कागद, शाई आणि पिसाची लेखणी सोफेर (लेखक) आधी त्याला देऊन टाकतो, कारण गेट नवऱ्याच्या मालकीच्या साहित्यावर लिहिलेलं लागतं. नवरा तोंडाने सांगतो, मग सोफेर याच जोडप्यासाठी म्हणून लिहितो आणि दोन साक्षीदार त्याच दिवशी सह्या करतात. दीड-दोन तास धरा. छापील नमुन्यात नावं भरली, असं इथे चालत नाही. त्यानंतर हरशाआ, म्हणजे नेमणूकपत्र तयार होतं. त्यात शालिआखला पुढचा शालिआख नेमायची मुभा लिहिलेली आहे ना, हे नक्की बघा. ‘शंभरापर्यंत’ अशी मोकळीक देण्याची रीत आहे. ती नसेल आणि अश्दोदचा माणूस आजारी पडला, तर सगळं पुन्हा लंडनपासून.

आमच्या मते सर्वांत जास्त गाड्या अडतात त्या नावांवर. गेटमध्ये आडनाव चालत नाही. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि रोज हाक मारतात ते नाव लागतं. सिनेगॉगच्या वहीत अव्राहाम आणि घरी आबाजी, वहीत श्मुएल आणि गावात सामाजी, ही आपल्याकडची जुनी रीत. दयानाला ही नावं हिब्रू अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहायची असतात. म्हणून केतुबा (लग्नाचा करारनामा), पासपोर्ट आणि घरातलं हाकेचं नाव, तिन्ही आधी कळवा. ‘घरचं नाव कशाला सांगायचं’ म्हणून दडवलेलं टोपणनाव पुढे दुसऱ्या लग्नाच्या वेळी हमखास वर येतं. शिवाय गेट आणि हरशाआ यांतली नावं अक्षरशः जुळली पाहिजेत.

शालिआख कोण होऊ शकतो? मिश्नाने बहिरा-मुका, वेडा, अल्पवयीन, आंधळा आणि बिगर-ज्यू एवढे वगळले आहेत. बाई चालते. एवढंच काय, नवरा वारल्याची बातमी सांगताना जिच्यावर विश्वास ठेवत नाहीत, त्या सासूनेही गेट आणलेलं चालतं. अर्थात आजची बेथ दिनं बहुतेक आपल्याच ओळखीचा माणूस नेमतात, आणि ते बरंच आहे.

सेवेची खरी मर्यादा नवरा. शालिआख हा त्याचा हात आहे, त्याचं मन नव्हे. गेट पोचण्याआधी नवरा ते रद्द करू शकतो. पूर्वी तर तो भलत्याच गावी दयान बसवून परस्पर रद्द करायचा. मिश्नाच्या काळातले रब्बी रब्बान गमलिएल यांनी ते बंद केलं. आज त्याच्याकडून रद्द न करण्याची ग्वाही घेतात. गेट वाटेत असताना नवरा वारला तर ते निकामी. बायको विधवा ठरते, आणि मूल नसेल तर दिराकडून हलित्झा (पुन्हा लग्नासाठी मोकळं करणारा विधी) घ्यायची वेळ येते. नवरा देतच नसेल तर कितीही शालिआख नेमा, उपयोग शून्य. २०१४ मध्ये इस्रायलमधल्या सफेद शहराच्या बेथ दिनने कोमातल्या नवऱ्याच्या वतीने, त्याने न नेमताच, गेट दिलं. त्यावर रब्बींमध्ये केवढं रणकंदन माजलं! त्या वाटेच्या भरवशावर राहू नये.

एवढी काटेकोरी कशाला, असं वाटत असेल तर १९६२ ते ६४ आठवा. बेने इस्रायलांमधले जुने घटस्फोट शास्त्रानुसार झाले होते का, या शंकेपायी इस्रायलमध्ये लग्नाआधी वंश तपासायचा फतवा निघाला होता, आणि तो मागे घ्यायला आंदोलन करावं लागलं.

पोचवण्याच्या दिवशी बायकोने हातातल्या अंगठ्या काढायच्या आणि ओंजळ धरायची. शालिआख दोन साक्षीदारांसमोर ठरलेले शब्द बोलून गेट ओंजळीत टाकतो. तिने ते मिटून धरून चार पावलं चालायचं आणि परत द्यायचं. दयान ते पुन्हा वाचून आडवं-उभं फाडतात आणि दप्तरी ठेवतात. तिला मिळतो तो दाखला; त्याच्या दोन प्रती मागून घ्या. बायकोला पुनर्विवाहासाठी ९२ दिवस थांबावं लागतं, त्यामुळे हॉल बुक करायची घाई नको.

व्हिडिओ कॉलवरची नेमणूक सगळीकडे मानत नाहीत. बायकोच्या बाजूच्या बेथ दिनला ती चालेल का, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.