काचलोकरीच्या लाइनवर आठ महिने वापरलेला हाफ मास्क

मी काचलोकर (ग्लासवूल, काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन) कापायच्या मशीनवर असतो. पूर्वी कापडी मास्क बांधायचो. शिफ्ट संपली की घसा खवखवायचा, मनगटं खाजायची. आता रबरी हाफ मास्क, पी-१०० म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरवाला. घसा शांत आहे. (खाज आहेच, तिला लांब बाह्यांशिवाय इलाज नाही.)

घेतला तो कॅन्सरच्या धास्तीने. आमच्यात अजून १९८८ चंच बोललं जातं, तेव्हा आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) काचलोकर ‘२बी’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकली होती. २००१ मध्ये कामगारांवरचे अभ्यास पुन्हा तपासून इन्सुलेशनची काचलोकर, रॉकवूल (दगडाची लोकर) आणि स्लॅगवूल (धातूच्या मळीची लोकर) गट ३ मध्ये, म्हणजे ‘कर्करोगकारक आहे असं ठरवता येत नाही’ यात नेली. हे तंतू फुफ्फुसात फार काळ टिकत नाहीत. भट्टीचे सिरॅमिक तंतू मात्र २बी मध्येच राहिले. तिथल्या माणसाने हा मास्क डोळे झाकून घ्यावा.

खोट एकच, पण मोठी. हा फिल्टर तंतू अडवतो, वाफ नाही. बाइंडरमधल्या (तंतू चिकटवणाऱ्या डिंकातल्या) फॉर्मल्डिहाइडसाठी वेगळं कार्ट्रिज लागतं आणि फॉर्मल्डिहाइड तर गट १ मध्ये, म्हणजे ‘नक्की कर्करोगकारक’ आहे! खोक्यावर हे इतक्या बारीक अक्षरात की मला चौथ्या महिन्यात दिसलं. आणि दाढी काढावी लागते, नाहीतर कडेने हवा शिरते. पाचपैकी साडेतीन.