रिक्षाभाड्याचे अनुदान: एका कम्युनिटी फाउंडेशनचा दोन वर्षांचा अनुभव

चिपळूण तालुक्याच्या खाडीपट्ट्यात आमची एक लहान नोंदणीकृत संस्था आहे. वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड, चाकाची खुर्ची अशा वस्तू नाममात्र अनामत घेऊन गरजूंना वापरायला द्यायच्या, आणि ज्यांच्या घरी नेणारे-आणणारे कोणी नाही अशा डायलिसिसच्या रुग्णांना केंद्रापर्यंत पोहोचवून परत आणायचे, एवढेच तिचे काम. मी तिची खजिनदार. गेली दोन वर्षे आम्हाला एका कम्युनिटी फाउंडेशनकडून अनुदान मिळाले. लहान संस्थांना अर्ज करण्यापूर्वी उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्याने फाउंडेशनचे नाव देत नाही.

कम्युनिटी फाउंडेशन हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचित नाही. १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने त्याची सुरुवात केली. दात्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलेला हेतू काही दशकांनी कालबाह्य होतो आणि पैसा बँकेत अडकून पडतो, हे पाहून त्याने अनेकांच्या देणग्यांचा एकच कायमस्वरूपी निधी करावा आणि त्याचे उत्पन्न त्या-त्या काळच्या गरजेनुसार कुठे खर्चायचे ते स्थानिक समितीने ठरवावे, अशी व्यवस्था सुचवली. कोकणी माणसाला यातले अर्धे आधीच ठाऊक आहे, कारण आपल्या प्रत्येक गावाचे मुंबईत एक मंडळ असते आणि चाकरमान्यांच्या वर्गणीतून देवळाचा सभामंडप, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), शाळेची कौले अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. फरक इतकाच की मंडळ आपल्या गावापुरते पाहते, आणि जे काम दगडा-चिऱ्यात उभे राहून त्यावर नावाची पाटी लावता येते, त्याकडे त्याचा ओढा अधिक असतो. रिक्षाच्या भाड्यावर पाटी लागत नाही.

अर्जाची पद्धत सोपी होती असे मी म्हणणार नाही, पण तिच्यात अन्यायही नव्हता. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीचा दाखला, शेड्यूल-१ चा (विश्वस्तांची नावे असलेल्या सरकारी नोंदवहीचा) उतारा, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आयकर कायद्याखालील १२एबी (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) यांची प्रमाणपत्रे आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील नोंद अशी कागदपत्रे मागितली होती. आमचे गाडे अडले ते उताऱ्यावर. त्यावर अजूनही दोन दिवंगत विश्वस्तांची नावे होती, कारण नवे विश्वस्त आल्यावर करायचा बदल अर्ज आम्ही वेळेत केलाच नव्हता. हा दोष पूर्णपणे आमचा. बदल अर्ज दाखल केल्याची पोच फाउंडेशनने ग्राह्य धरली आणि मंजुरीचा आदेश नंतर सादर करण्याची मुभा दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. एका मोठ्या देणगीदार संस्थेने पूर्वी याच कारणावरून आमचा अर्ज न वाचताच परत पाठवला होता.

कागदपत्रांचा हा आग्रह हौसेखातर नसतो, हेही यानिमित्ताने समजले. १ एप्रिल २०२३ पासून एका न्यासाने (ट्रस्टने) दुसऱ्या न्यासाला दिलेली देणगी आयकराच्या हिशेबात ८५ टक्क्यांपर्यंतच खर्च म्हणून धरली जाते. त्यात घेणाऱ्याची नोंदणी सदोष निघाली तर देणाराही अडचणीत येतो. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीकडे वळवण्यास बंदी आहे, त्यामुळे आम्हाला मिळालेला प्रत्येक रुपया देशातल्याच दात्यांचा होता.

आता मुख्य विषयाकडे येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पात्र रुग्णाला डायलिसिस विनामूल्य मिळते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला वाटते की या रुग्णाची सोय झाली. पण आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, असे हे उपचार असतात आणि ते आयुष्यभर चालतात. एसटी मुख्य रस्त्यावर थांबते; घर खाली वाडीत असते आणि वाडीला उतरायची असते ती जांभ्याची पाखाडी. जाताना माणूस कसाबसा चढतो. परतताना रक्तदाब उतरलेला असतो, पायात गोळे आलेले असतात, आणि एसटीची पायरी चढण्याइतकेही बळ उरलेले नसते. म्हणून रिक्षा लागते, तीही थांबून राहणारी. या भाड्यापायी आठवड्याची एक फेरी बुडवणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत आणि मग अंगावर आलेली सूज घेऊन त्यांना रात्री धावपळ करत दवाखान्यात न्यावे लागल्याचेही पाहिले आहे. पैसा उपचारावर नव्हे, रस्त्यावर खर्च होतो, हे शहरात बसून लिहिलेल्या अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही.

आमच्या अर्जात म्हणूनच सर्वांत मोठा आकडा प्रवासखर्चाचा होता आणि त्यावरच पहिला आक्षेप आला. प्रत्येक फेरीची रिक्षावाल्याकडून छापील पावती हवी, असे सांगण्यात आले. हे मी एका रुग्णाच्या पत्नीला समजावू लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, त्याच्याकडून पावती कसली मागायची, तो आमच्याच वाडीतला. त्याला वाटेल आमचा विश्वास नाही." फाउंडेशनच्या कार्यक्रम अधिकारी मॅडम पाहणीसाठी आल्या तेव्हा त्यांना मी कार्यालयात बसवले नाही, थेट त्या रिक्षात बसवले. खड्ड्यांतून जाऊन आल्यावर पावतीचा आग्रह त्यांनी सोडला आणि त्याऐवजी एक वही सुचवली. तारीख, कुठून कुठे, रिक्षाचा क्रमांक, दिलेली रक्कम, चालकाची सही, रुग्णाची सही किंवा अंगठा, आणि त्या दिवशीच्या डायलिसिसच्या चिठ्ठीची झेरॉक्स पानाला स्टेपल केलेली. निळ्या पुठ्ठ्याची ती दोनशे पानी वही आमच्या लेखापरीक्षकांनीही मान्य केली. पावसाळ्यात तिची काही पाने ओलसर होऊन अंगठ्यांची शाई पसरली, पण रक्कम वाचता येते. कागदावरचा नियम जागेवर येऊन बदलण्याची ही तयारी हा या फाउंडेशनचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि बाकीच्या तक्रारी मी त्यानंतरच मांडते.

पहिली तक्रार छायाचित्रांची. दर तिमाही अहवालासोबत लाभार्थ्यांचे चेहरे दिसतील असे, ठिकाण आणि वेळ उमटलेले फोटो हवे असतात. आमच्या वाड्यांत रेंज नसते हा भाग वेगळा, पण ज्या बाईंनी आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, त्यांना कमोड खुर्चीशेजारी उभे करून फोटो काढायचा, हे मला जमले नाही. मी वस्तूंचे आणि रिक्षाचे फोटो पाठवले. दुसऱ्या वर्षी त्यावर लेखी नापसंती आली. अनुदान थांबले नाही, परंतु ती ओळ आमच्या फाइलला लागली आहे.

दुसरी तक्रार हप्त्यांची. साठ टक्के रक्कम सुरुवातीला आणि उरलेली अहवाल तपासून झाल्यावर. पहिल्या वर्षी ती तपासणी लांबली आणि दुसरा हप्ता सुमारे दोन महिने उशिरा जमा झाला. त्या काळात रिक्षावाल्यांनी उधारीवर फेऱ्या मारल्या. अर्ज करणाऱ्या संस्थेकडे किमान तीन महिन्यांची गंगाजळी स्वतःची असावी, नाहीतर अनुदान मंजूर असूनही काम बंद पडते.

तिसरी बाब पगाराची. प्रशासकीय खर्चाला दहा टक्क्यांची मर्यादा आहे आणि आमच्या एकमेव कार्यकर्त्याचे मानधन त्यातच धरले गेले. हाच मुलगा फोन घेतो, रिक्षा ठरवतो, पाखाडीवरून रुग्णाला हाताला धरून वर आणतो. त्याला प्रशासन म्हणायचे की सेवा, यावर तीन पत्रे झाली. दुसऱ्या वर्षी त्याचे अर्धे मानधन कार्यक्रम खर्चात घेण्यात आले. वस्तूंसाठी मात्र एकही प्रश्न विचारला गेला नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात मदतीचे ट्रक येताना ज्यांनी पाहिले, त्यांना याचे नवल वाटणार नाही. वस्तू देणे सगळ्यांना सोपे जाते.

एवढे असूनही मी इतर संस्थांना अर्ज करण्याचाच सल्ला देईन. फोन उचलला जातो, पत्राला उत्तर येते, अर्ज मराठीत चालतो आणि निवड समितीवर जिल्ह्यातली माणसे असल्यामुळे खाडीपट्टा कुठे आहे हे सांगत बसावे लागत नाही.

एक नियम आधीच नीट वाचून घ्यावा, जो आम्ही वाचला नव्हता: सलग दोन वर्षांनंतर त्याच संस्थेला एक वर्ष अर्ज करता येत नाही. आमचे ते वर्ष येत्या एप्रिलपासून सुरू होते. आम्ही गावच्या मुंबई मंडळाला पत्र लिहिले, सोबत निळ्या वहीच्या चार पानांची झेरॉक्स जोडली. विषय सभेपुढे ठेवू, असे त्यांचे उत्तर आले आहे. मंडळाची सभा गणपतीत असते.